कारिनानं एकदाच विचारलं

"उन्हाळ्यात लेपासारीला येशील का?" कारिनानं विचारलं. "तळ्यावरच्या संशोधन केंद्रात एक जागा आहे. जून ते ऑगस्ट. प्रबंधही त्यातूनच होईल."

विभागातल्या कॉफीच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. ती उभी, मी बसलेली, हातात दालचिनी घातलेला गोड पाव. कारिना म्हणजे आमची प्राध्यापक. पाण्याचं रसायनशास्त्र शिकवायची आणि तळ्यांवर जीव टाकायची. फिनलंडमध्ये प्राध्यापकाला नावानंच हाक मारतात, पण माझ्या जिभेला ते काही वळायचं नाही. मी आपली 'मॅडम' म्हणायचे आणि ती दर वेळी मागं वळून बघायची, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

तर हा प्रश्न ती विचारेल म्हणून मी सप्टेंबरपासून देव पाण्यात घालून बसले होते. आमच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी प्रत्यक्ष काम करावं लागायचं. ज्याला कुणाच्या हाताखाली काम मिळालं तो तिथं राहिला. ज्याला नाही मिळालं त्यानं जूनमध्ये घरी जायचं आणि पुस्तकं चाळून प्रबंध लिहून पाठवायचा. मला राहायचं होतं. कारिनाच्याच हाताखाली काम करायचं होतं. रोज झोपताना मी तिच्या आवाजात स्वतःला विचारून घ्यायची आणि छानसं उत्तरही द्यायची. आणि आता ती बाई खरोखर समोर उभी राहून विचारत होती, तर मी काय म्हणाले?

"छे छे, मी कसली! माझ्यापेक्षा हुशार किती जण आहेत वर्गात. नको, दुसऱ्या कुणाला तरी द्या."

एवढं बोलून मान खाली घातली आणि गालातल्या गालात हसत बसले. आता ती म्हणेल, "अगं, असं काय करतेस, तूच हवीस मला." मग मी म्हणेन, "जमेल का पण मला?" मग ती म्हणेल, "न जमायला काय झालं?" मग मी पदर नसला तरी ओढणीशी चाळा करत म्हणेन, "तुम्ही एवढं म्हणताय तर..." सगळं ठरलेलं असतं हे. त्यात शिकवण्यासारखं काही नसतं.

"बरं," कारिना म्हणाली. कप भांडी धुण्याच्या यंत्रात ठेवला आणि गेली.

गेली म्हणजे गेलीच! मी दाराकडे बघत राहिले. मला वाटलं, काहीतरी विसरली असेल, येईल परत. पाव संपला, कॉफी गार झाली, दुसऱ्या विभागाची माणसं येऊन बसली. बाई काही परत आली नाही. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच.

आता यात माझा तरी काय दोष? आम्ही बार्शीची माणसं. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, वह्या-पुस्तकांचं दुकान, घरात सतत आल्यागेल्याचा राबता. कुणाकडे जायचं झालं की आई त्यांच्या दारातच कानात सांगायची, "लगेच हात पुढं करायचा नाही." मग तिथल्या काकू लाडवांची ताटली पुढं करायच्या आणि आम्ही भावंडं लाडवांकडे टक लावून "नको" म्हणायचो. काकू म्हणायच्या, "घ्या रे." आम्ही आईकडे बघायचो. आई छताकडे. मग काकू म्हणायच्या, "घेतल्याशिवाय उठू देणार नाही हां," आणि तेव्हा कुठे लाडू आमच्या हातात पडायचा. एकदाच विचारून ताटली आत नेणारी बाई अख्ख्या गल्लीत बदनाम व्हायची. दुसऱ्यांदा विचारणं हे यजमानाचं काम होतं आणि तोवर कळ काढणं हे आमचं.

फिनलंडमधल्या कुओपिओ गावी शिकायला आल्यावर पहिल्या महिन्यात या शिकवणीनं मला चांगलं उपाशी ठेवलं. कुणी केक पुढं केला, मी "नको" म्हटलं, केक पुढं गेला. त्या महिन्यात माझ्या देखत इतके केक पुढं गेले की शेवटी पोटानं मनाला शहाणं केलं. खाण्याच्या बाबतीत मी सुधारले. पण मोठी गोष्ट समोर आली की आतली बार्शी जागी व्हायची, त्याला इलाज नव्हता.

आणि राहायचं होतं ते काही नुसत्या प्रबंधासाठी नव्हे. खरं सांगायचं तर मला तिथं फार म्हणजे फारच मजा येत होती. तीन खोल्या आणि एक सामाईक स्वयंपाकघर असं आमचं घर होतं. एका खोलीत मी, दुसरीत रीका, तिसरीत बर्नाडेट. रीका तिथलीच, फिन मुलगी. उंच, शांत, आणि तोंडावर बोलणारी. मी पहिल्यांदा केलेली आमटी चाखून ती म्हणाली होती, "हे मला आवडलं नाही. पण भात चांगला आहे." बर्नाडेट हंगेरीची. ती माझ्याच वर्गात. मोठ्यानं हसायची, मोठ्यानं रडायची, आणि कुठल्याही भाजीत लाल तिखट ओतायची, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

या दोघींनी मला एकदा बाहेर काढलं आणि मग मी काही घरात सापडेना. सोमवारी गायनवृंद. मला सूर कशाशी खातात ते ठाऊक नाही, पण फिन माणसं गाणाऱ्याला मधेच थांबवत नाहीत, त्यामुळे मी वर्षभर टिकले. घानाचा क्वाबेना नावाचा एक मुलगा वसतिगृहाच्या तळघरात नाच शिकवायचा, तिथं मी जायची आणि मोबदल्यात त्याला चपात्या लाटायला शिकवायची. त्याच्या चपात्या माझ्या नाचापेक्षा बऱ्या होत्या. कुणाचा वाढदिवस, कुणाचा निरोप, कुणी नवीन पातेलं आणलं म्हणून जेवण. गोठलेल्या तळ्यावर घसरायला जायचं, तेही मी शिकले, म्हणजे पडायला शिकले. तिथं प्रत्येक विभागाच्या पोरांची एका रंगाची डांगरी असते. कार्यक्रमाला गेलं की एक कापडी बिल्ला मिळतो, तो डांगरीवर शिवायचा. आमची निळी होती. मार्चपर्यंत माझ्या डांगरीची गोधडी झाली, निळा रंग शोधावा लागायचा. आई फोनवर विचारायची, "जेवलीस का?" आणि मला आधी आठवावं लागायचं की आज कुणाकडे जेवले. आमच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारणारी पोर मी. मला तिथं करमलं नाही असा एक दिवस गेला नाही.

आणि हे सगळं एका 'नको'वर घालवून बसले होते.

पण मी आशा सोडली नव्हती. मनाची समजूत घातली होती की बाई कामात असेल. विचारेल पुन्हा. माणूस आहे, दगड थोडाच आहे? मग मी तिच्या वाटेत उभी राहायला लागले. कॉफीच्या वेळी हजर. ग्रंथालयाच्या दारात हजर. ती प्रयोगशाळेतून निघाली की मी नेमकी बुटाची नाडी बांधत जिन्यात बसलेली. तिनं मान हलवावी, मी मान हलवावी, झालं.

मेच्या पहिल्या तारखेला तिथं वसंताचा सण असतो. थंडी असली तरी सगळं गाव हिरवळीवर चटया टाकून बसतं. शाळा संपताना मिळालेली पांढरी टोपी ती माणसं जन्मभर जपतात आणि त्या दिवशी घालतात. कारिनाही टोपी घालून आली होती, पिवळी पडलेली. आमच्या चटईपाशी थांबली, हातात लिंबाच्या पेयाची बाटली. मी बर्नाडेटला कोपरानं बाजूला सारून जागा केली.

"घेणार?" कारिनानं विचारलं.

"हो हो!" मी पेला पुढं केला. पेय ओतलं गेलं. मी तोंडाकडे बघत राहिले.

"थंडी आहे," ती म्हणाली.

"हो."

"पण ऊन पडलंय."

"हो, मॅडम."

तिनं मागं वळून बघितलं, कोणी नाही म्हटल्यावर मला छानसं हसली आणि पुढच्या चटईकडे गेली. फिन माणसाच्या हिशेबानं आमच्या भरपूर गप्पा झाल्या होत्या.

त्यानंतर आठवडाभरानं बर्नाडेट धाडकन दार उघडून स्वयंपाकघरात आली. रीका बटाटे सोलत होती, मी रवा भाजत होते. क्वाबेनाचा वाढदिवस होता, शिऱ्याची ऑर्डर मला होती.

"मिळालं!" बर्नाडेट ओरडली. "लेपासारी! अख्खा उन्हाळा! कारिनानं आज विचारलं, मी तिला मिठीच मारली. बिचारी लाकडासारखी उभी राहिली!"

रीकानं सोलणं हातात धरूनच तिचं अभिनंदन केलं. मीही केलं. मिठी मारली, गालाला गाल लावले. शिरा दुप्पट करते म्हणाले. बर्नाडेट आईला फोन करायला तिच्या खोलीत पळाली आणि मी पुन्हा रवा हलवायला लागले. हलवते आहे, हलवते आहे, आणि टप्पकन पाणी पडलं कढईच्या काठावर. चर्र झालं.

"तू रडतेस," रीका म्हणाली. विचारलं नाही हं, सांगितलं.

"नाही गं. धूर गेला डोळ्यात."

"धूर नाहीये."

तिच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नसायचा. मी गॅस बंद केला, म्हणजे त्यांची ती विजेची शेगडी, आणि सगळं सांगितलं. रीकानं बटाटा खाली ठेवला. तिच्या कपाळावर आठी पडली.

"थांब. तुला ती जागा हवी होती."

"वर्षभर."

"आणि कारिनानं तुला विचारलं."

"हो."

"आणि तू नको म्हणालीस."

"अगं, पहिल्यांदा नकोच म्हणतात! तिनं परत विचारायला पाहिजे होतं."

"का?"

"का म्हणजे? एवढं कळू नये तिला? प्राध्यापक आहे ना?"

"तू नको म्हणालीस, तर ती काय समजणार?"

"की मला हवंय!"

रीकानं हातातलं सोलणंही बटाट्याशेजारी ठेवलं. "वृषाली," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या देशात लोकांची कामं होतात कशी?"

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही एकदम आलं. आणि नाक पुसायला वळते तर दारात बर्नाडेट. हातात फोन, चेहरा उतरलेला. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"म्हणजे ती आधी तुझी होती," ती म्हणाली.

"नाही, नाही, तसं काही नाही. तू हो म्हणालीस, तुझी आहे."

बर्नाडेट खुर्चीत बसली. ती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते. मग म्हणाली, "खरं सांगू? मला ती सोडावीशी वाटत नाहीये. मलाही पहिल्यापासून हवी होती. पण तू माझी मैत्रीण आहेस. मी सोडू का?"

"नको."

ती डोळे बारीक करून माझ्याकडे बघायला लागली. "हा कुठला नको? पहिला की शेवटचा?"

"शेवटचा," मी म्हणाले. "आईशप्पथ शेवटचा. सोडलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

आणि तो खराच होता. मला जागा हवी होती, पण तिच्या ताटातली उचलून नको होती. बर्नाडेटनं एकदाच विचारलं, मान डोलावली, आणि माझ्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. मीही हात धुऊन घेतले. रीका दोघींकडे बघत उभी राहिली आणि मग गुपचूप रवा ढवळायला लागली, कारण बंद करूनही त्या तापलेल्या शेगडीवर तो खाली लागत होता.

"शनिवारी विभागाच्या बायकांची सौना आहे," ती ढवळता ढवळता म्हणाली. "कारिना दर वर्षी येते. तिला जाऊन सांग."

"काय सांगू आता? जागा तर गेली."

"हवी होती, हे सांग."

"त्याचा उपयोग काय?"

"तिला माहीत नाहीये," रीका म्हणाली. "माहीत नसलेली गोष्ट सांगायची असते. उपयोगाचं तिचं ती बघेल."

भीड भिकेची बहीण, असं आमची आजी म्हणायची. म्हणायची खरी, पण स्वतः दुसऱ्याच्या घरी कधी तिसऱ्या आग्रहाशिवाय पाट मांडून बसली नाही. मग मी कुणाचं शिकणार?

आता सौना म्हणजे काय, ते सांगायला हवं. तळ्याच्या काठी लाकडाची छोटी खोली. आत तापलेले दगड, त्यावर पाणी मारायचं की अशी वाफ उठते की कानाच्या पाळ्या भाजतात. पायऱ्या पायऱ्यांचे बाक. आणि त्या बाकांवर सगळ्या बायका जन्माला आल्या तशा. त्यांना त्याचं काही म्हणजे काही वाटत नाही. प्रयोगशाळेतली, ग्रंथालयातली, सचिव, प्राध्यापक, सगळ्या एका रांगेत, हवापाण्याच्या गप्पा मारत. मी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत टॉवेल गुंडाळून जायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. मला कुणी काही म्हणायचं नाही. रीकानं एकदा फक्त विचारलं होतं, "भिंतीवर काही लिहिलंय का?"

त्या शनिवारी तळ्यावरचा बर्फ नुकता वितळला होता. वाफ घेऊन झाली की बायका धावत जाऊन त्या पाण्यात उड्या मारत होत्या आणि किंचाळत होत्या. बर्नाडेट सगळ्यात पुढं. रीकानं जाता जाता माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि दार ओढून घेतलं. आत राहिलो मी आणि कारिना. ती वरच्या बाकावर, मी खालच्या, टॉवेलात.

ज्या बाईला मी वर्षभर मॅडम म्हणत होते, ती तशी बसलेली, घाम निथळतोय, गुडघ्यावर जुना व्रण. मी भिंतीकडे बघितलं. मग म्हटलं, वृषाली, आज भिंतीशी काम नाही तुझं. वळले.

"कारिना," मी म्हणाले. पहिल्यांदाच नाव घेतलं. "मला ती जागा हवी होती."

नुसते दगड तडतडत होते. आमच्याकडे एवढी शांतता पसरली तर ठरलेलं लग्न मोडलंय असं समजतात.

"कुठली जागा?" तिनं सावकाश विचारलं.

"लेपासारीची. उन्हाळ्याची."

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू नको म्हणालीस."

"हो. पण तो... आमच्याकडे पहिला नको म्हणजे नको नसतो. ती एक रीत असते. आपल्याच तोंडानं हो म्हणणं बरं दिसत नाही. समोरच्यानं पुन्हा विचारायचं असतं."

"किती वेळा?"

"दोनदा. तीनदा विचारलं तर फारच चांगलं."

कारिनानं यावर विचार केला. "आणि खरंच नको असेल तर काय म्हणतात?"

"नकोच म्हणतात."

"मग ओळखायचं कसं?"

मी आजवर यावर कधी डोकंच चालवलं नव्हतं. "चेहऱ्यावरून," मी म्हणाले.

"हं." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "मी तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. नको म्हणालेल्या माणसाकडे बघत उभं राहायचं नसतं, असं मला लहानपणी शिकवलंय. आणि पुन्हा विचारलं असतं तर तुला नाही म्हणणं जड गेलं असतं. मी शिकवणारी, तू शिकणारी. तुला भीड पडायला नको, म्हणून मी लगेच निघाले. कॉफीसुद्धा अर्धी टाकली."

मी तिला दगड समजत होते. आणि ती माझा मान राखायला म्हणून पाठ फिरवून गेली होती. तिलाही तिच्या आईनं दारातच कानात काहीतरी सांगितलं होतं.

"त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं," कारिना पुढं म्हणाली, दगडांकडे बघत. "मी सगळ्यात आधी तुलाच विचारलं होतं. सप्टेंबरपासून ठरवलं होतं."

आता मात्र घाम कुठला आणि डोळ्यातलं पाणी कुठलं, ते माझं मलाच कळेना. सप्टेंबरपासून! म्हणजे मी रात्री उशीशी बोलत होते तेव्हा ही बाईही तिकडे तेच ठरवत होती.

"पण जागा आता बर्नाडेटची आहे," ती म्हणाली.

"माहितीये. ती मला नकोय. खरंच नकोय."

"चेहरा बघू?" कारिना वरच्या बाकावरून खाली वाकली आणि अगदी जवळून, नीट, परीक्षेचा कागद तपासावा तसं माझं तोंड बघितलं. "हो. हा खरा नको आहे."

मग तिनं डावानं पाणी घेऊन दगडांवर टाकलं. चर्र झालं, वाफ आली, दोघींनी माना खाली घातल्या. वाफ उतरल्यावर ती म्हणाली, "हिवाळ्याचं एक काम आहे, प्रबंधालाही चालेल. तळं गोठल्यावर बर्फाखालच्या पाण्यात प्राणवायू किती उरतो ते मोजायचं. डिसेंबर ते एप्रिल. आजवर मी एकटीच करत आले, पण हा गुडघा आता ऐकत नाही. विद्यार्थ्यांना मी सांगतच नाही, कारण कुणी मागितलेलं नाही. उणे पंचवीसपर्यंत जातं. दिवस दुपारीच मावळतो. यंत्रांची घसरगाडी आपणच ओढायची. हातभर लांब गिरमिटानं बर्फाला भोकं पाडायची, दिवसाला वीसेक. बोटं..."

"हवंय," मी म्हणाले.

"माझं सांगून झालेलं नाही. बोटं बधिर होतात आणि—"

"मला हवंय. हो. हो. हो!"

"एकदा पुरे," कारिना म्हणाली.

आणि हसली. गालातल्या गालात नाही, चांगली तोंडभर. तिनं हात पुढं केला, मी धरला. दोघींचे हात घामानं निसटत होते. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी दार लोटलं आणि "मिळालं, मिळालं" असं चक्क मराठीत ओरडत तळ्याकडे धावले. काठावरच्या लाकडी धक्क्यावरून बर्नाडेट काहीतरी हंगेरियनमध्ये ओरडली. मी उडी मारली. पाणी कसलं, सुऱ्याच होत्या नुसत्या. वर आले, श्वास घेतला, दोघी माझ्याकडे बघून खदाखदा हसत होत्या, रीकासुद्धा. तेव्हा लक्षात आलं की टॉवेल आतच राहिलाय.

म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी रविवार. बार्शीला फोन लावला. अण्णा जेवून झोपाळ्यावर बसलेले, कड्यांची कुरकुर फोनमधून ऐकू येत होती.

"अण्णा, प्रबंधाचं काम मिळालं. मी अजून वर्षभर इथंच राहणार."

"अरे वा वा! छान झालं बघ. त्या बाईंनी बोलावून घेतलं?"

"नाही. मी मागितलं."

कुरकुर थांबली.

"मागितलंस?"

"हो."

"आपल्या तोंडानं?"

"हो, अण्णा."

"बरं, मग त्या देते म्हणाल्यावर तरी जरा आढेवेढे घेतलेस का नाही?"

"नाही. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. तीनदा."

"अगं अगं अगं!" अण्णा कळवळले. मग फोन बाजूला धरून आत हाक मारली, "ऐकलंस का गं? पोरीनं मागून घेतलं म्हणं!"

"मग काय झालं?" आतून आईचा आवाज आला. "चोरून तर नाही ना घेतलं?"

"तुला काय कळतंय!" अण्णा पुन्हा फोनवर आले. आवाज खाली. "अगं पोरी, काय म्हणतील ती माणसं? हावरट म्हणतील. बार्शीकडची पोरं कशी मेली अधाशी, असं म्हणतील. एकदा तरी नको म्हणायचं गं."

"एकदा म्हटलं होतं, अण्णा. त्यातच तर सगळा घोटाळा झाला."

ते त्यांना काही समजलं नाही आणि मीही खोलात गेले नाही. जरा वेळ ते नुसतेच चुकचुकत राहिले. मग एकदम विचारलं, "पण काम काय आहे म्हणायचं?"

मी सांगितलं. गोठलेलं तळं सांगितलं, घसरगाडी सांगितली, गिरमिट सांगितलं. दुपारी मावळणारा दिवस सांगितला. थंडी किती, तर उणे पंचवीस.

"उणे?"

"उणे."

"आणि हे दुसऱ्या कुणी मागितलेलं नव्हतं?"

"कुणीच नाही. आजवर कधीच नाही."

मग झोपाळा पुन्हा कुरकुरायला लागला. त्यांच्या जिवात जीव आल्याचं मला इतक्या लांबून कळलं.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "असल्या कामाला पहिल्यांदाच हो म्हटलं तर हावरट म्हणत नाहीत. येडं म्हणतात. तेवढं चालतंय आपल्याला."